‘काही’ म्हणजे किती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

कविता लिहिणाऱ्या माणसाला तर्कशास्त्रावर बोलायला सहसा कुणी बोलावत नाही आणि त्यात काही चूक आहे असंही नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. गणिताशी माझा संबंध दहावीत संपला, तो दोन्ही बाजूंच्या संमतीनं. तरीही आज मी आपल्याशी अनुमानाविषयी, म्हणजे ‘यावरून काय निघतं’ या प्रश्नाविषयी बोलणार आहे. त्याला कारण माझ्या शेजारची एक मुलगी.

आमचं गाव हिवरा आश्रम. बुलडाणा जिल्ह्यात, मेहकर-चिखली रस्त्यावर. शुकदास महाराजांनी इथं विवेकानंद आश्रम उभा केला आणि त्या आश्रमाचं नाव गावाला चिकटलं. महाराज २०१७ साली गेले. जानेवारीतला विवेकानंद जयंतीचा उत्सव मात्र आजही तसाच भरतो. शेवटच्या दिवशी मोकळ्या शेतात माणसांच्या रांगाच रांगा बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी-भाजी येते. वाढणारे हात मोजता येत नाहीत. हे सगळं सांगतोय, कारण ही पंगत पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

तर ही मुलगी बारावी झाली आणि तिनं वकील व्हायचं मनावर घेतलं. वडिलांची कोरडवाहू शेती. सोयाबीन आणि तूर. ते म्हणाले, “एकदा बस परीक्षेला. नंबर लागला तर शीक. नाही लागला तर पाहुणे येतील ते पाहू.” पाहुणे येतील म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणजे तिच्या हातात होती एकच परीक्षा.

विधी शाखेसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा २०१६ सालापासून होते. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १२० मिनिटांत १२० प्रश्न. त्यांतले ३२ प्रश्न तार्किक आणि विश्लेषणात्मक क्षमतेचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि मुख्य म्हणजे प्रश्न मराठीतही असतात. एमबीएच्या राज्य परीक्षेत तर गेली अनेक वर्षं २०० पैकी ७५ प्रश्न निव्वळ तर्काचे असत. पण ती परीक्षा इंग्रजीतली. विधीची परीक्षा मराठीतून देता येते, हा खेड्यातल्या मुलांना मोठाच आधार आहे. या मुलीचं सामान्य ज्ञान पक्कं होतं. कायद्याचे प्रश्नही ती बरे सोडवायची. अडायचं ते या ३२ प्रश्नांपाशी.

एका संध्याकाळी ती सरावाचं पुस्तक घेऊन आमच्या ओट्यावर आली. म्हणाली, “चाचा, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, हे मला सांगा ना.” मी चष्मा लावला आणि ऐटीत दहा प्रश्न सोडवले. मागची उत्तरं पाहिली तेव्हा चार बरोबर होते. तिचे पाच आले होते. त्या दिवसापासून आम्ही दोघं विद्यार्थी झालो.

पहिला धडा पंगतीवरच मिळाला. पुस्तकात पेन, लेखण्या आणि निळ्या वस्तू असा काहीतरी प्रश्न होता आणि त्यातून दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडेना. म्हणून मी त्याचा सांगाडा तसाच ठेवून गावातला प्रश्न तयार केला. पहिलं विधान : पंगतीत वाढणारे सगळे स्वयंसेवक आहेत. दुसरं विधान : काही स्वयंसेवक विद्यार्थी आहेत. निष्कर्ष : म्हणून काही वाढणारे विद्यार्थी आहेत. निघतो की नाही?

ती म्हणाली, “निघतो. त्यात विचारायचं काय?”

मी पुस्तकाच्या मागचं उत्तर पाहून ठेवलं होतं, म्हणून छातीठोकपणे म्हणालो, “नाही निघत.”

“काहून नाही? मी स्वतः वाढलंय चाचा! आमच्या शाळेची निम्मी पोरं बादल्या घेऊन पळत होती.”

आता काय बोलावं? पोरगी खरं बोलत होती. मीही तिच्या हातची पुरी खाल्ली होती. मग आम्ही ओट्याच्या फरशीवर खडूनं वर्तुळं काढली. एक मोठं वर्तुळ, ते स्वयंसेवक. त्याच्या आत एक लहान वर्तुळ, ते वाढणारे. कारण सगळे वाढणारे स्वयंसेवक आहेत असं सांगितलंय. आता तिसरं वर्तुळ विद्यार्थ्यांचं. अट एवढीच की ते मोठ्या वर्तुळात थोडं तरी शिरलं पाहिजे. मी तिला म्हणालो, “असं काढून दाखव की ते मोठ्या वर्तुळात शिरेल, पण लहानाला शिवणार नाही.” तिनं एका कडेनं काढून दाखवलं. स्वयंसेवकांमधले विद्यार्थी चपला सांभाळायला बसले असतील, पाण्याच्या टाकीपाशी उभे असतील, भाजी चिरत असतील. दोन्ही विधानं खरी राहिली आणि निष्कर्ष मात्र खोटा ठरू शकला. एकदा तो खोटा ठरू शकतो एवढं दिसलं की काम झालं. मग तो ‘निघत’ नाही.

ती बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे खरं आहे, पण निघत नाही.”

तिनं बोलून दाखवलेलं हे वाक्य म्हणजे या सगळ्या प्रश्नांची किल्ली आहे. एखादी गोष्ट खरी असणं वेगळं आणि दिलेल्या विधानांवरून ती निघणं वेगळं. आपण हुशार असतो, जगाची माहिती असते, म्हणूनच चुकतो. निष्कर्ष ओळखीचा दिसला की तो कुठून आला हे विचारायचं आपण विसरतो. घरी रोज येणाऱ्या माणसाला दारात अडवून ‘काय काम आहे?’ असं कोण विचारतं? परीक्षा तेवढंच करायला सांगते. ओळखीच्या निष्कर्षालाही दारात थांबवा. याची पद्धत सोपी आहे. निष्कर्ष बरोबर कसा, हे शोधत बसायचं नाही. विधानं खरी ठेवून तो खोटा पाडता येतो का, हे पाहायचं. पाडता आला तर निघत नाही. कसंही करून पाडता येत नसेल, तर निघतो.

पुढची अडचण भाषेची होती, आणि तिथं मला वाटलं, आता आपलं राज्य आलं. कसचं काय! सगळ्यांत जास्त मार मी तिथंच खाल्ला. ‘काही’ हा शब्द घ्या. ‘काही मुलं पास झाली’ असं मास्तर म्हणाले की घरोघरी धस्स होतं, कारण काही नापास झाली असाच त्याचा अर्थ आपण घेतो. तर्कशास्त्रात ‘काही’ म्हणजे निदान एक. सगळी पास झाली असतील तरीही ‘काही पास झाली’ हे विधान खरंच राहतं. त्यावरून ‘काही नापास झाली’ हे निघत नाही.

‘फक्त’चंही तसंच. ‘फक्त सभासदांनाच आत प्रवेश’ अशी पाटी असेल, तर आत गेलेला प्रत्येकजण सभासद आहे एवढं निघतं. प्रत्येक सभासद आत गेलाय, हे निघत नाही. ‘फक्त’ आला की विधानाची दिशा उलटते. ती नीट लावून घ्यावी लागते.

आणि आपल्या मराठीची एक खास गंमत आहे. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत.’ याचा अर्थ काय? एकही आला नाही, की आले पण सगळे आले नाहीत? बोलताना आपण आवाजानं अर्थ सांगतो. ‘सगळे’वर जोर दिला की एक अर्थ, ‘नाहीत’वर दिला की दुसरा. कागदाला आवाज नसतो. म्हणून मी तिला सांगितलं, असं वाक्य दिसलं की मनात ते दोन्ही तऱ्हांनी मोठ्यानं म्हणायचं, आणि पर्याय कुठल्या अर्थाला धरून दिलेत ते पाहायचं. कवीचा तिला एवढाच उपयोग झाला.

हे सगळं पाश्चात्त्यांकडून आलेलं शास्त्र आहे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं विस्तव आहे. जिथं धूर तिथं विस्तव, जसं स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथं विस्तव आहे. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हाच धूर आणि हाच विस्तव आहे. धूर आणि विस्तव यांचं जे न चुकणारं साहचर्य, त्याला नैयायिक ‘व्याप्ती’ म्हणतात. आणि ही व्याप्ती एकेरी वाट आहे. धुरावरून विस्तव निघतो. विस्तवावरून धूर निघत नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा पाहा. त्यात आग आहे, धूर नाही. मग चुलीतल्या आगीला धूर का? तर जळण ओलं आहे म्हणून. या ओल्या जळणाला ते ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे मध्येच लपलेली अट, जी आपण सांगायची विसरलो. हे मी मुलीला सांगत होतो तेव्हा तिची आजी शेजारी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, “हे काय शिकवायचं? लाकडं वाळलेली असली की धूर होत नाही, हे चुलीपुढे बसलेल्या बाईले कोन सांगितलं?” अन्नंभट्टाला ही विद्यार्थिनी आवडली असती.

मदरशांच्या जुन्या अभ्यासक्रमातही तर्कशास्त्र असे. त्याला ‘मंतिक’ म्हणतात. तेराव्या शतकातल्या अल-अबहरीचं ‘ईसागोजी’ हे छोटं पुस्तक त्यात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. त्या पुस्तकाचं नावच मुळात ग्रीक. तिथं अनुमानाच्या पहिल्या दोन विधानांना ‘सुगरा’ आणि ‘कुबरा’ म्हणतात, धाकटी आणि थोरली. दोघी जुळल्या की ‘नतीजा’ निघतो. आमच्या नात्यात सुगरा नावाची एक फूफी होती. तिचं कुणाशीच जुळत नसे, आणि त्याचा नतीजा आम्ही लहानपणी भोगला आहे.

आता एक कोडं. ते पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली मांडलं. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक. वरून दिसतात ते असे : एक स्वर, एक व्यंजन, एक सम अंक आणि एक विषम अंक. नियम असा : एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम अंक असलाच पाहिजे. नियम पाळलाय की नाही हे तपासायला नेमके कोणते पत्ते उलटाल? बहुतेक लोक म्हणतात, स्वराचा आणि सम अंकाचा. मीही तेच म्हणालो. खरं उत्तर आहे, स्वराचा आणि विषम अंकाचा. सम अंकामागं काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. विषम अंकामागं स्वर निघाला तर मोडतो. वेसनच्या प्रयोगात दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बरोबर उत्तर दिलं.

हेच कोडं एसटीच्या कंडक्टरला विचारू. राज्यात ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ सालच्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत झाला. आता कोड्यापुरतं असं धरू की, मोफत प्रवास करणारा माणूस ७५ च्या पुढचाच असला पाहिजे. बाकीच्या सवलती सध्या बाजूला ठेवू. गाडीत चौघं बसले आहेत. एकाकडे मोफतचं तिकीट आहे, त्याचं वय माहीत नाही. दुसऱ्यानं पूर्ण पैसे मोजले आहेत. तिसरे आजोबा ८० वर्षांचे. चौथा ४० वर्षांचा, त्याचं तिकीट पाहिलेलं नाही. कंडक्टर कुणाला तपासेल? मोफतवाल्याचं ओळखपत्र आणि ४० वर्षांच्या माणसाचं तिकीट. आजोबांकडे तो बघणारही नाही. त्यांनी हौसेनं पैसे दिले असतील तर देवोत. कोडं तेच, उत्तर तेच, पण इथं कुणी चुकत नाही. १९८२ साली अमेरिकेत ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी बिअर आणि पिणाऱ्याचं वय असा प्रश्न करून पाहिला, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांचं उत्तर बरोबर आलं. मुलीनं त्या दिवसापासून युक्तीच केली. नुसतीच अक्षरं असलेला प्रश्न आला की ती त्याला एसटीत बसवायची.

वेसनच्या कोड्यातली गोष्ट मला मात्र झोपू देईना. आपण नियमाला दुजोरा देणारा पत्ता उलटतो. नियम मोडू शकेल असा पत्ता तसाच पडू देतो. आपलं मत ठरलं की त्याच्या बाजूचे पुरावेच आपल्याला दिसतात. हे मी फार पूर्वी केलं आहे.

माझं नवं लग्न झालं होतं. घराला चुना द्यायला गावातला पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा दोन दिवस येत होता. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ सापडेना. घरात बाहेरचं कोण आलं होतं? तोच. मी त्याला बोलावून विचारलं. त्यानं मान खाली घातली. मान खाली घातली, म्हणजे यानंच घेतलं, असं मी धरलं. चार माणसांसमोर मी त्याला बोललो. मारलं नाही, पण जे बोललो ते मारल्यापेक्षा कमी नव्हतं. तो पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. काही महिन्यांनी ईद आली. वडिलांनी ट्रंकेतून शेरवानी काढली आणि खिशात हात घातला, तर घड्याळ. आधीच्या ईदला त्यांनीच ठेवलेलं. तोवर तो मुलगा कामासाठी पुण्याला निघून गेला होता. मी त्याची माफी मागितली नाही, मागायला तो समोर आलाच नाही, आणि मीही त्याला शोधायला गेलो नाही.

आता सरावाच्या पुस्तकाच्या भाषेत मांडून पाहतो. विधान : ज्यानं घड्याळ घेतलं तो घरात आलेला असणार. विधान : हा मुलगा घरात आला होता. निष्कर्ष : म्हणून यानं घड्याळ घेतलं. लहान मुलगीसुद्धा खडूनं वर्तुळं काढून सांगेल की निघत नाही. विस्तवावरून धूर काढण्यातलाच हा प्रकार. शिवाय ‘घड्याळ कुणीतरी घेतलंय’ हे मी धरूनच चाललो होतो; ते तर कुणी सांगितलंही नव्हतं. त्याला परीक्षेत ‘गृहीतक’ म्हणतात. आणि मान खाली? चोरी केलेला मान खाली घालतो. चारचौघांत अपमान झालेला गरीब पोरगाही घालतो. मी उलटायचा पत्ता उलटलाच नाही. तो ट्रंकेत होता.

या परीक्षांच्या सरावात आणखी एक प्रकार येतो. एक उतारा देतात आणि खाली विधानं. प्रत्येक विधानाला पाच पर्याय : नक्की खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, नक्की खोटं. आम्ही आमच्यापुरता असा उतारा केला : ‘एका गावात ६० शेतकरी आहेत. त्यांतल्या ४५ जणांनी सोयाबीन पेरलं. सोयाबीन पेरणाऱ्यांपैकी ३० जणांनी त्यात तुरीचं आंतरपीक घेतलं.’ आता विधानं पाहा.

एक, निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांनी सोयाबीन पेरलं. नक्की खरं, साठातले पंचेचाळीस.

दोन, गावात नेमक्या ३० शेतकऱ्यांकडे तूर आहे. मोह होतो ‘खरं’ म्हणायचा. पण ज्या १५ जणांनी सोयाबीन पेरलं नाही, त्यांच्या शेतात काय आहे ते कुठं सांगितलंय? त्यांनी नुसती तूर पेरली असेल. निदान ३० आहेत, एवढंच म्हणता येतं. म्हणून माहिती अपुरी.

तीन, १५ जणांनी सोयाबीनशिवाय दुसरं काहीच घेतलं नाही. तेही नाही म्हणता येत. त्यांनी तुरीचं आंतरपीक घेतलं नाही, एवढं निघतं. बांधावर किंवा दुसऱ्या तुकड्यात काय लावलं, कोण जाणे. माहिती अपुरी.

चार, निम्म्याहून कमी शेतकऱ्यांनी सोयाबीनमध्ये तूर घेतली. साठातले तीस, म्हणजे बरोबर निम्मे. नक्की खोटं.

मुलीचे वडील हे सगळं ऐकत दारात उभे होते. ते म्हणाले, “कोणतं गाव हे? आमच्याकडं तर सोयाबीनवाला प्रत्येकजण तुरीचं तास टाकतेच.” ती त्यांना म्हणाली, “बाबा, आपलं गाव डोक्यात आणायचं नाही. कागदावर आहे तेवढंच.” मला बरं वाटलं. पंगतीपासून ती बरीच पुढे आली होती.

या पाच पर्यायांतला मधला मला फार आवडू लागला. ‘माहिती अपुरी.’ परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतात. बाहेर मिळत नाहीत. बाहेर ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस मूर्ख ठरतो किंवा भित्रा ठरतो. १ जुलै २०१८ चा रविवार आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत, अशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होत्या. जमावानं त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्या जमावाच्या डोक्यात जे चाललं होतं, ते कागदावर मांडून पाहा. मुलं पळवणारे अनोळखी असतात. हे अनोळखी आहेत. म्हणून हे मुलं पळवणारे. ३२ प्रश्नांतला अगदी पहिल्या पायरीचा प्रश्न. त्या बाजारात ‘माहिती अपुरी’ असं मोठ्यानं म्हणणारी माणसं पुरेशी असती, तर पाच घरं उजाड झाली नसती. तर्कानं माणूस दयाळू होतो, असा माझा दावा नाही. पण हात उगारण्याआधी माणूस थोडा थांबतो, आणि पुष्कळदा तेवढं थांबणं पुरतं.

मग कवीनं काय करावं? आमचा धंदाच न सांगितलेल्या अर्थावर चालतो. नवव्या शतकात आनंदवर्धनानं त्याला ‘ध्वनी’ म्हटलं. शब्दांपलीकडून ऐकू येणारा अर्थ. पण अकराव्या शतकात महिमभट्ट नावाचा पंडित उभा राहिला आणि ‘व्यक्तिविवेक’ लिहून म्हणाला, ध्वनी म्हणून वेगळं काही नाही, हेही अनुमानच आहे. बी.ए.ला हा वाद मी परीक्षेपुरता पाठ केला होता. आमच्या ओट्यावर तो मला पहिल्यांदा कळला. मी दहातले सहा प्रश्न चुकलो ते याच सवयीनं. दोन ओळींमधली जागा भरायची मला खोड आहे. कविता वाचताना ती हवी. कवितेत एखादा अर्थ जास्तीचा निघाला, तर कुणाचं काही जात नाही. साक्षीपुरावा वाचताना ती नको. तिथं जास्तीचा निघालेला अर्थ एखाद्याला तुरुंगात नेऊन बसवतो. ही मुलगी वकील होणार, तेव्हा तिला या दोन वाचनांतला फरक ठाऊक असायलाच हवा.

आणि ‘काही’ या शब्दाचं माझं एक खासगी देणंही आहे. कविता वाचून झाल्यावर कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि विचारतं, “तुमचं मराठी इतकं चांगलं कसं हो?” त्यांच्या मनात वाईट काही नसतं. फक्त एक न बोललेलं विधान असतं : या नावाची माणसं मराठीत लिहीत नाहीत. मी पूर्वी यावर चिडायचो. आता मी तर्कानं उत्तर देतो. ‘एकही नाही’ हे विधान पाडायला किती उदाहरणं लागतात? एक. ‘काही आहेत’ हे उभं करायला किती लागतात? तेही एकच. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, तेव्हाच तो प्रश्न सुटला. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ती पुढची भर. मी त्या गर्दीतला अगदी मागचा माणूस. पण निदान एक लागतो तिथं मीही चालतो.

परीक्षेच्या दिवशी मुलगी वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीनं गेली. संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, “चाचा, तर्काचे ३२ पैकी ३२ सोडवले. किती बरोबर ते माहीत नाही.” मी म्हणालो, “माहिती अपुरी.” निकाल लागला, आणि जिल्ह्याबाहेरच्या एका महाविद्यालयात तिला जागा मिळाली. पाहुणे पाहण्याची गोष्ट पाच वर्षं पुढे गेली. वडिलांनी तूर विकून पहिल्या वर्षाची फी भरली.

जानेवारीत उत्सवाला ती गावी आली होती. मी पंगतीत बसलो होतो. ट्रॉली थांबली आणि पुऱ्यांची टोपली घेऊन हीच समोर. वाढता वाढता वाकून हळूच म्हणाली, “चाचा, मी स्वयंसेवक, मी विद्यार्थी, आणि मी वाढतेय. आता तरी निघतो का निष्कर्ष?”

“आता निघतो,” मी म्हणालो. “आता तू तिसऱ्या विधानात आलीस.”

तिनं दोन पुऱ्या जास्त टाकल्या आणि रांगेत पुढं गेली.